पाचव्या फेरीचा ट्रे

“साहेब, ह्या दुधाला सोडा लागलाय.”

प्रयोगशाळेच्या दारात इंदुबाई लोहार उभी होती. धुवायला नेलेली नमुन्याची बाटली तिने नाकापासून वीतभर लांब धरली होती. बाटलीच्या तळाशी दोन बोटे दूध उरले होते. त्या दुधाची आम्लता मी तासाभरापूर्वी तपासली होती. ती योग्य भरली होती. रीतीप्रमाणे चमचाभर दूध चाखूनही पाहिले होते. वहीत माझी सही होती.

“सोडा तुमच्या हाताला आहे, इंदुबाई,” मी म्हणालो. “दिवसभर सोड्याच्या पाण्यात बाटल्या धुता. बाटलीला तोच वास येणार.”

“हाताचा वास मला रोजचा हाय, साहेब. त्यो येगळा. ह्यो दुधाच्या आतला हाय.”

आमच्या दूध संघाचे व्यवस्थापक इंगवले साहेब खिडकीशी चहा पीत उभे होते. कोणाच्याही कामात लक्ष घालण्याची त्यांना सवय होती आणि हक्कही होता.

“मग बघा की ओ, फणसळकर. दोन थेंबांचं काम.”

मी परीक्षानळीत ते दूध घेतले आणि रोझॉलिक आम्लाचे दोन थेंब टाकले. शुद्ध दूध या थेंबांनी तपकिरी पिवळट होते. सोडा असेल तर गुलाबी होते. आंबायला लागलेले दूध खपवण्यासाठी काही गवळी त्यात चिमूटभर सोडा घालत. आम्लतेची परीक्षा अशा दुधाला फसते, कारण सोडा नेमका तिला फसवण्यासाठीच घातलेला असतो.

नळी गुलाबी झाली.

इंगवल्यांनी आधी नळीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग इंदुबाईकडे. तिसरी नजर सगळ्यांत लांब होती. मी ती घड्याळ लावून मोजली नव्हती. पण तिची लांबी मला अजून आठवते.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. संघात रसायनतज्ज्ञ म्हणून मला नऊ वर्षे झाली होती. पाहुणे आले की इंगवले माझी ओळख करून देत, “हे आमचे फणसळकर. ह्यांची जीभ म्हणजे मीटर हाय.” मी संकोचल्यासारखे हसत असे. वाक्य शास्त्रीय नव्हते, पण निराधारही नव्हते. पुण्याहून एम.एस्सी. करून आलेल्या माणसाला तालुक्याच्या गावात एवढीच प्रतिष्ठा मिळते, आणि ती पुरते. इंदुबाई रोजंदारीवर होती. वय तिशीच्या आसपास. सकाळी सातपासून दुपारपर्यंत ती मागच्या मोरीवर नमुन्यांच्या बाटल्या धूत असे. तोपर्यंत तिचे आडनाव मला ठाऊक नव्हते.

*

आमच्याकडे रोज अकरा वाजता चव-बैठक होई. लांब टेबलाच्या एका बाजूला ओळीने सगळे बसत, म्हणजे प्रथम इंगवले, मग उत्पादनाचे मगदूम, मग विक्रीचे उपाध्ये आणि शेवटी मी. दुधाचा ट्रे इंगवल्यांपासून सरकत सरकत येई. प्रत्येकाने तीर्थ घ्यावे तसे तळहातावर दूध घ्यायचे, चाखायचे, मध्ये चार कुरमुरे आणि कोमट पाण्याचा घोट घ्यायचा, आणि मग मानाप्रमाणे एकेकाने मोठ्याने मत सांगायचे.

ही पद्धत चुकीची होती. चव घेणाऱ्यांनी एकमेकांचे मत ऐकू नये, प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहावे, असे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगते. मी तसे एकदा सुचवलेही होते.

“आपण काय परीक्षेला बसलोय का?” इंगवले म्हणाले होते. “तोंडानं चाखायचं, तोंडानं सांगायचं.”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. कारण असे की, मत सांगण्यापूर्वी इंगवले एकदा ओळीच्या टोकाला, माझ्या चेहऱ्याकडे पाहत. मग ते बोलत, मगदूम त्यांच्यासारखेच बोलत, उपाध्ये मगदुमांसारखे. माझी पाळी येईपर्यंत माझेच मत तीन तोंडांतून फिरून माझ्याकडे परत आलेले असे. अशा पद्धतीतला दोष ज्याला दिसतो, त्यालाच तो टोचत नाही.

गुलाबी नळीच्या तिसऱ्या दिवशी ओळीत माझ्यापुढे आणखी एक खुर्ची आली.

इंदुबाई पदराला हात पुसत आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. तळहातावर दूध घ्यायला तिने नकार दिला.

“माझ्या हाताला सोडा आसतोय. दूध बिघडंल.”

तिने हात उलटे करून दाखवले. बोटांच्या पेरांवर कातडी पांढरी पडून फाटली होती, आणि नखांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. उपाध्यांनी नजर दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी इंगवल्यांनी घरून चांदीचा एक लहानसा चमचा आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

“आमच्या थोरल्याच्या उष्टावणातला हाय. चांदीला चव नसते. काय फणसळकर, बरोबर न्हवं?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

नऊ वर्षांत मला कोणी चमचा दिला नव्हता. मला त्याची गरजही नव्हती, हे मी त्याच वेळी स्वतःला स्पष्ट केले होते.

पंधरा दिवसांत इंगवल्यांची मान माझ्यापाशी थांबेनाशी झाली. आता ती एक खुर्ची पुढे जाई. इंदुबाईच्या कपाळावर बारीक आठी पडली, की इंगवले म्हणत, “गडबड हाय.” मग मगदूम म्हणत, गडबड आहे. उपाध्ये म्हणत, थोडी गडबड वाटते. मग मी. एकदा तिने नदीपलीकडच्या एका गावाच्या कॅनमधले दूध ओळखले आणि म्हणाली, “ह्या म्हशी उसाचं वाडं खाऊन आल्यात.” इंगवल्यांनी चौकशी केली. म्हशींना खरेच उसाचे हिरवे शेंडे घातलेले निघाले. त्या आठवड्यात ती गोष्ट त्यांनी चारदा सांगितली. त्यांतल्या दोनदा मी तिथे होतो.

घरी बायको म्हणाली, “इंगवले वहिनी सांगत होत्या, तुमच्याकडे कोणी बाई आहे म्हणे, नुसत्या वासावरून सांगते. एकदा घरी आणा की. आपलं तूप दाखवायचंय.”

“तुपाला काय झालंय?”

“काही नाही. खात्री म्हणून.”

“माझी खात्री पुरत नाही?”

“तुम्ही काय, सगळ्याला ठीकच म्हणता,” ती म्हणाली आणि कढई उतरवायला गेली.

मला मत्सर वाटत होता, असे त्या काळात मी मनातही म्हटले नसते. तिच्या अचूकतेचे प्रमाण आपल्याला नीट ठाऊक नाही, आकडे फार थोडे आहेत, बरोबर आलेलीच उत्तरे लोकांच्या लक्षात राहतात, असे मी म्हणत असे. यांतले प्रत्येक विधान बिनचूक होते.

दिवाळीपूर्वी बातमी आली, की संचालक मंडळ तिला कायम करणार, जागा प्रयोगशाळा-सहायकाची. त्या दिवशी ती मोरीवरून मुद्दाम माझ्याकडे आली.

“साहेब, एक इचारू का? कायम झालं, की बाटल्या न्हाईत न्हवं धुवाय लागणार?”

“नाही. त्याला दुसरं माणूस घेतील.”

“मग हात सुटतील,” ती म्हणाली. बस, एवढेच. आनंद वगैरे दाखवायला ती थांबली नाही. मोरीवर पाणी वाहत राहिले होते, ते बंद करायला गेली.

*

त्याच महिन्यात पुण्याहून मागवलेल्या एका पुस्तकात मी अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे वर्णन वाचले. एका माणसाला काही लोकांबरोबर बसवतात आणि कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे ते विचारतात. उत्तर लहान पोरालाही दिसेल इतके उघड असते. पण बाकीचे सगळे आतून सामील असतात आणि एकामागून एक ठरवून चुकीचे उत्तर देतात. शेवटी पाळी येते त्या एकट्या माणसाची. बरीच माणसे निदान एकदा तरी डोळ्यांना दिसते ते सोडून चारचौघांबरोबर जातात.

मी ते प्रकरण दोनदा वाचले आणि इंगवल्यांकडे गेलो.

“मंडळाकडे शिफारस पाठवण्याआधी एक परीक्षा घ्यावी असं वाटतं. जीभ चांगली असणं ही एक गोष्ट. पण चार अधिकारी वेगळं म्हणत असताना ती टिकते का, हे बघायला हवं. कायमची जागा आहे.”

“म्हंजे आपण मुद्दाम खोटं सांगायचं?”

“प्रयोगापुरतं. तीन ग्लास. दोन सारखे, एकात किंचित सोडा. वेगळा कोणता ते सांगायचं. पाच फेऱ्या. पहिल्या दोन खऱ्या, तिसरीपासून आपण चौघं एकच चुकीचं उत्तर देऊ.”

मगदूम आणि उपाध्ये तिथेच होते. मगदूम हसले. “साहेब, खोटं बोलायचं आसंल तर उपाध्यांना शिकवायला नको, विक्रीत हायत ते.”

“आणि उत्पादनात काय गंगाजळ हाय वाटतं,” उपाध्ये म्हणाले.

इंगवले हसले नाहीत. “फणसळकर, तुमचा तिच्यावर राग न्हाई न्हवं?”

“राग कसला? हे शास्त्र आहे.”

त्या उत्तराचा दुसरा भाग खरा होता.

परीक्षेच्या दिवशी मी स्वतः पाच ट्रे तयार केले. प्रत्येक ट्रेत तीन ग्लास एका ओळीत. ट्रेच्या एका कडीला दोऱ्याने फेरीच्या आकड्याची चिठ्ठी बांधली. चाखणाऱ्याच्या डाव्या हाताला चिठ्ठी, असे धरून सोड्याच्या ग्लासाची जागा कागदावर लिहिली. ट्रे ट्रॉलीवर ठेवले. ट्रॉली टेबलाच्या पलीकडे, बसलेल्यांच्या समोर उभी केली. मी तिच्यामागे उभा राहिलो की चिठ्ठ्या माझ्या डाव्या हाताला येत. प्रत्येक फेरीला मी उठून ट्रे उचली, फिरवून इंगवल्यांपुढे ठेवी, मग ओळीतल्या माझ्या जागी येऊन बसे.

पहिल्या फेरीत सोडा मधल्या ग्लासात होता. चौघांनी मधला सांगितला. इंदुबाईने मधला सांगितला. दुसऱ्या फेरीत उजवा. तिनेही उजवा.

तिसऱ्या फेरीत सोडा डावीकडे होता. इंगवले घसा साफ करून म्हणाले, “उजवा.” मगदूम म्हणाले, उजवा. उपाध्ये खाली बघत म्हणाले, उजवा. मी म्हणालो, उजवा.

तिने चमचा पुन्हा एकदा तिन्ही ग्लासांत बुडवला. आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले. गोंधळलेले माणूस पाहते तसे तिने पाहिले नाही. घरच्या कोणाला ताप आहे का, हे बघावे तसे पाहिले.

“मला डावा लागतोय,” ती म्हणाली. “तुमा समद्यांस्नी उजवा का लागला, ठावं न्हाई.”

चौथीत सोडा मधल्या ग्लासात होता. आम्ही चौघे डावा म्हणालो.  तिने पाणी प्यायले, कुरमुरे खाल्ले, पुन्हा चाखले. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. कायमची जागा आमच्या हातात आहे, हे तिला ठाऊक होते. माझ्या बोटांत पेन्सिल होती आणि ती मी फार घट्ट धरली होती, हे मला मागाहून कळले.

“मधला,” ती म्हणाली. मग हळूच, “चुकलं आसंल तर माफ करा. पर मधलाच.”

इंगवल्यांच्या चेहऱ्यावर जे आले, त्याला अभिमान याखेरीज दुसरा शब्द नाही. स्वतःच्या मुलीकडे पाहावे तसे ते पाहत होते. मी कागदावर खूण केली. खूण करताना पेन्सिलीचे टोक तुटले.

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. शीतकरण केंद्राकडून होता आणि टाळण्यासारखा नव्हता. मी आतल्या खोलीत जाऊन दोन मिनिटांत परत आलो. तोवर इंगवल्यांनी समोरच्या ट्रॉलीवरचा पाचवा ट्रे स्वतःच पुढ्यात ओढून घेतला होता आणि चाखूनही झाला होता. ते उतावळे होते. त्यांना हे सगळे लवकर संपायला हवे होते. मी बसलो. ट्रे मगदुमांकडून उपाध्यांकडे आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आला.

कागदाप्रमाणे सोडा उजवीकडे होता. आम्ही ठरवलेले खोटे उत्तर होते डावा.

मी चाखले. माझ्या जिभेला डावीकडच्या ग्लासात साबणासारखे काहीतरी जाणवले. डावा म्हणायचे, असे ठरले की जिभेलाही डावा लागू लागतो. पुस्तकात यावर अर्धे पान होते. खुद्द प्रयोग रचणाऱ्यालाच त्याचा प्रत्यय यावा, याची मला गंमत वाटली.

“डावा,” इंगवले म्हणाले.

“डावा.”

“डावा.”

“डावा,” मी म्हणालो.

इंदुबाईने एकदाच चाखले. या वेळी तिने पाणी मागितले नाही, आमच्याकडे पाहिले नाही.

“डावा,” ती म्हणाली, आणि चमचा पदराला पुसून खाली ठेवला.

 मग मगदुमांनी खुर्ची मागे सरकवली. “वाकली,” ते पुटपुटले.

*

इंगवल्यांनीच तिला सगळे सांगितले. तिसरीपासून आम्ही मुद्दाम चुकीचे बोलत होतो, तिसरीत आणि चौथीत ती टिकली, पाचवीत आमच्याबरोबर वाहत गेली. आवाज शक्य तितका मऊ ठेवून त्यांनी सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

“तिसऱ्याला नि चौथ्याला तुमी खोटं बोललासा, ते मला वाटलंच हुतं,” ती म्हणाली. “पर पाचव्याला तर तुमी समद्यांनी खरंच सांगितलासा की.”

मगदूम मोठ्याने हसले. उपाध्येही हसले. त्यात दुष्टपणा नव्हता.

“हे असंच असतं, साहेब,” मी इंगवल्यांना म्हणालो. “पुस्तकात दिलंय. वाकलेली काही माणसं नंतर शपथेवर सांगतात, की आम्हाला तसंच दिसलं. ती खोटं बोलत नसतात. त्यांना तसं वाटू लागतं.”

“तीनातनं दोनदा टिकली की ओ.”

“मीटर तीनातून एकदा चुकला, तर आपण तो भिंतीवर ठेवतो का?”

मीटर हा शब्द मी मुद्दाम वापरला. इंगवल्यांनी तो ओळखला. ते चमच्याकडे पाहत म्हणाले, “लिहा मग काय लिहायचं ते.”

मी लिहिले, ‘परीक्षार्थीची संवेदनक्षमता उत्तम. मात्र सामूहिक दाबाखाली मत बदलल्याचे आढळले. स्वतंत्र जबाबदारीच्या पदासाठी शिफारस करता येत नाही.’ तीन वाक्ये. खाली सहीसाठी जागा सोडली. सही मात्र पडताळणी झाल्यावर करायची, असा माझा नियम होता.

दुपारी मी पाचही ट्रेंतल्या उरलेल्या दुधात थेंब टाकले. प्रत्येक ट्रेत एक ग्लास गुलाबी झाला, बाकीचे दोन पिवळट. पाचव्या ट्रेत चिठ्ठी डावीकडे ठेवून पाहिले, तर गुलाबी ग्लास उजवीकडे होता. कागदाशी जुळले. मी पेन उघडले.

इंदुबाई ग्लास धुवायला न्यायला आली. एकेक ट्रे उचलून ती हातगाडीवर ठेवत होती. पाचव्यापाशी थांबली. आकडे तिला वाचता येत.

“साहेब, ह्यो पाचवा न्हवं?”

“हो.”

“ह्यात गुलाबी गिलास चिठ्ठीपासनं लांबच्या बाजूला हाय.”

“बरोबर. म्हणजे उजवा. तुम्ही डावा म्हणालात.”

“पर माझ्यापुढं ट्रे आला तवा चिठ्ठी उजव्या हाताला हुती.” तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि फाटक्या बोटांनी अलगद अर्धा फिरवला. चिठ्ठी उजवीकडे आली. गुलाबी ग्लास डावीकडे आला. “आसा आला हुता. चौथ्यापतुर तुमी फिरवून ठेवत हुतासा. पाचव्याला तुमी फोनला गेलासा, नि मोठ्या साहेबांनी गाडीवरनं सरळ वडून घेतला. ट्रे उलटा फिरला, साहेब. आमा समद्यांपुढं उलटाच गेला.”

मी ट्रेकडे पाहिले. तिच्या मांडणीत कुठेही फट नव्हती. ट्रॉली समोर होती. समोरून सरळ ओढलेला ट्रे बसलेल्या माणसासमोर उलटाच येणार. चौघांनी खोटे म्हणून सांगितलेले उत्तर खरे होते. खोटे बोलतोय असे समजून आम्ही खरे बोललो होतो, आणि तिने खरे म्हणून खरे सांगितले होते. शिवाय आणखी एक साक्षीदार होता. माझ्या जिभेला डावीकडचाच ग्लास सोड्याचा लागला होता. मी जिभेवर विश्वास ठेवला नाही, कारण कागदावर दुसरे लिहिले होते, आणि कागद माझा होता.

माझी जीभ त्या बाईच्या जिभेइतकीच चांगली आहे, हे दाखवणारा एवढा एकच पुरावा मला आयुष्यात मिळाला. आणि तो मांडायचा, तर तिचाही मांडावा लागत होता.

इंगवल्यांची खोली वीस पावलांवर होती. ट्रे ओढताना तो फिरवला होता का, एवढेच त्यांना विचारायचे होते.

“चिठ्ठी डावीकडेच होती,” मी म्हणालो. “मी स्वतः पाहिली.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. सकाळी चार अधिकाऱ्यांकडे पाहिले होते, तसेच. मग तिची नजर माझ्या हातातल्या उघड्या पेनवर गेली, आणि तिथून खालच्या कागदावर.

“नीट आठवून बगा, साहेब.”

“आठवतंय मला.”

मागे मोरीचा नळ गळत होता.

“आसंल मग,” ती म्हणाली. “मलाच तसं वाटलं आसंल.”

तिने ट्रे उचलला. जाताना तो तिने पुन्हा फिरवला, चिठ्ठी डावीकडे येईल असा, जशी माझ्या कागदावर होती. मी सही केली.

*

ती कायम झाली नाही. चव-बैठकीतली पाचवी खुर्ची भांडारात गेली. दुसऱ्या आठवड्यापासून मत सांगण्यापूर्वी इंगवले पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागले. मी चेहरा स्थिर ठेवायचा प्रयत्न करी. इंदुबाई आणखी वर्षभर बाटल्या धूत होती. मग यायची बंद झाली. मगदुमांना वाटत होते, की ती कागलकडे माहेरी गेली. नक्की कोणालाच माहीत नव्हते.

निवृत्तीनंतर मी एका महाविद्यालयात अन्नपरीक्षणाचे वर्ग घेतो. चव घेणाऱ्यांना एकमेकांचे मत का ऐकू देऊ नये, हे शिकवताना रेघांच्या प्रयोगाचा उल्लेख करावाच लागतो. माणसे का वाकतात, याची पुस्तकात दोन कारणे आहेत, ती मी सांगतो. इतरांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल असे वाटते, म्हणून. किंवा चारचौघांत वेगळे पडायचे नसते, म्हणून. गेल्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, किती माणसं लागतात? विरोधात एकच असेल तर?”

“एकट्याचा परिणाम जवळजवळ होत नाही, असं आढळलंय. निदान तिघं लागतात.”

“तुमचा अनुभव काय आहे, सर?”

“मी पुस्तकात आहे तेवढंच सांगतो,” मी म्हणालो. मुलांना ते विनयाचे वाटले असावे.

चमच्याचे सांगायचे राहिले. अहवाल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलावर होता, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला. मी तो इंगवल्यांकडे नेला. त्यांनी कागद उघडून पाहिले आणि पुडी माझ्याकडे परत सरकवली.

“ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. आता तुमीच चाखणार.”

मी प्रयोगशाळेत आलो, दार लोटले आणि चमचा जिभेवर ठेवला. चांदीला चव नसते. तरीही काहीतरी लागले. अगदी पुसट, सोड्यासारखे. तिने तो आपल्या हाताने धुतला असणार. किंवा मला तसे वाटले असेल.

रोझॉलिक आम्लाची बाटली समोरच होती. दोन थेंबांचे काम होते. मी चमचा खणात ठेवला आणि खण लावून घेतला.